अंधाराची पेटी : दख्खनमधील ओल्या काचेच्या छायाचित्रणाचा एक विचार

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील छायाचित्रे वारंवार छापली जातात. विजापूरचा गोल घुमट, अजिंठ्याच्या लेण्यांचे दर्शनी भाग, बग्गीत बसलेले सरदार, रांगेत उभे केलेले शिपाई, ही चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवताना आपण ‘त्या काळचे प्रत्यक्ष दर्शन’ असे म्हणून मोकळे होतो. बखरीचा उतारा वाचावयाचा असला म्हणजे बखरकार कोण, कोणाच्या आश्रयाचा, घटनेनंतर किती वर्षांनी लिहीत होता, हे आपण विचारतो. छायाचित्राला मात्र असे प्रश्न विचारण्याची चाल आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. सूर्यप्रकाशाने काढलेले चित्र खोटे कसे बोलेल, अशी एक भाबडी समजूत त्यामागे असावी. ही समजूत तपासावयाची तर त्या चित्रांच्या मुळाशी असलेल्या एका साध्या लाकडी वस्तूकडे आधी वळले पाहिजे. ती वस्तू म्हणजे छायाचित्रकार आपल्याबरोबर गावोगाव वाहून नेत असे ती अंधाराची पेटी. कॅमेऱ्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ह्या पेटीचे फारसे कोणी केलेले नाही.

हिमायतनगरात आज राहणाऱ्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचा संभव आहे. ज्या युवराज हिमायत अली खान, आझम जाह यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते त्यांचा जन्मच १९०७ मधला. तोवर ओल्या काचेचे युग संपून पाव शतक लोटले होते. परंतु हुसेनसागरचा बांध, मुसीपलीकडचे जुने शहर आणि कोठीची रेसिडेन्सी ह्यांच्या दरम्यानच्या ह्या टापूभोवतीच दख्खनच्या छायाचित्रणाचा एक महत्त्वाचा अध्याय घडला, आणि निझामाच्या राज्याच्या मराठी भागातील वेरूळ-अजिंठा ही तर त्या कलेची मोठीच परीक्षाभूमी ठरली.

प्रथम पद्धती. १८५१ च्या मार्च महिन्यात लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या शिल्पकाराने काचेवर चित्र घेण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणातून काढलेला कापूस ईथर व अल्कोहोल यांत विरघळविला म्हणजे मधासारखा दाट, पारदर्शक द्रव तयार होतो. त्याला कोलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइड व ब्रोमाइड हे क्षार मिसळून तो स्वच्छ काचेवर ओतावयाचा, काच हळूच चारही कोपऱ्यांकडे कलती करून सारखा पसरावयाचा आणि उरलेला परत बाटलीत निथळू द्यावयाचा. थर चिकट असतानाच काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची. तीन-एक मिनिटांत थर दुधी होतो आणि प्रकाशाला जागा होतो. तशीच ओली, ठिबकती काच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्याकडे न्यावयाची, चित्र घ्यावयाचे, धावत परत यावयाचे आणि हिराकसाच्या आम्लयुक्त पाण्याने ते उमटवावयाचे. ह्यानंतर धुणे, हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडसारख्या जहरी द्रव्याने पक्के करणे, वाळविणे आणि चंद्रसासारख्या राळेचे रोगण देणे. आर्चरने ह्या शोधाचे पेटंट घेतले नाही. सारे जग त्याच्या रीतीवर पैसा मिळवीत असताना तो १८५७ मध्ये निष्कांचन मरण पावला.

ह्या साऱ्या खटाटोपात एकच अट कठोर होती. थर ओला असेपर्यंतच तो प्रकाश पकडतो. वाळला की काच निकामी. इंग्लंडच्या थंड हवेत हा अवधी दहा-पंधरा मिनिटांचा मिळे. दख्खनच्या चैत्रातल्या कोरड्या वाऱ्यात तो किती उरत असेल ह्याची कल्पना ज्याने गच्चीवर धोतर वाळत घातले आहे त्याला सहज यावी. म्हणजे अंधारी खोली चित्रविषयापासून शे-दोनशे पावलांच्या आत असणे अपरिहार्य होते. शहरातल्या चित्रशाळेत ही अडचण नव्हती. पण लेणे, किल्ला, देऊळ किंवा डोंगर यांचे चित्र हवे असेल तर अंधार बरोबर घेऊन जाणे भाग होते. आर्चरला हे पहिल्यापासून ठाऊक होते. त्याने स्वतःच एक असा कॅमेरा रचला होता की ज्याच्या पोटातच बाहीतून हात घालून काच तयार करावी व उमटवावी. ती युक्ती फारशी रुजली नाही. कॅमेरा वेगळा आणि पेटी वेगळी, हीच वाटणी टिकली.

ही पेटी करावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. विलायतेत रौचसारखे कारागीर तयार पेट्या विकीत. पण येथल्या हवेत विलायती पाइनचे लाकूड उन्हाळ्यात आकसे आणि पावसाळ्यात फुगे. आकसलेल्या सांध्यातून केसाएवढी प्रकाशरेषा आत आली तरी काच धुरकट होते. म्हणून उष्ण देशांसाठी सागवानी लाकूड, पितळी पट्ट्या आणि खिळ्यांऐवजी स्क्रू अशी रचना श्रेयस्कर ठरली. सरसाचा सांधा दमट हवेत सुटतो, पितळेची पट्टी सुटत नाही.

साडेआठ इंच बाय साडेसहा इंच ही त्या काळची पूर्ण काच. ती आतल्या आत उचलावयाची, द्रव ओतून चारही बाजूंना कलवावयाची, म्हणजे दोन्ही कोपरे मोकळी हलली पाहिजेत. तेव्हा पेटीची आतली लांबी अडीच फुटांहून फारशी कमी करता येत नाही; खोली दीड फूट आणि उंची दोन फूट तरी हवी. चांदीच्या पाण्याचे भांडे उभट असते, काच त्यात उभी बुडवावी लागते. ते तळावर ठेवले तर उचललेली काच छताला लागेल. म्हणून तळाला खाच पाडून भांडे तिच्यातून खाली लोंबते ठेवीत. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा गटापर्चाचे. धातूचे कदापि नव्हे. सिल्व्हर नायट्रेट लोखंड, तांबे व पितळ यांना खाते आणि त्या बदल्यात आपली चांदी टाकून स्वतः बिघडते. काच बुडविण्याचा आकडासुद्धा काचेचा, शिंगाचा किंवा शुद्ध चांदीच्या तारेचा असे, आणि पेटीच्या आत उघडी राहिलेली स्क्रूची डोकी रोगणाने किंवा मेणाने झाकावी लागत. बाहेरून पितळेने मढविलेली पेटी आतून मात्र धातूला शिवू देत नाही, अशी ही गंमत.

तळाला आणखी एक भोक, त्याला रबराची नळी : सांडलेले पाणी बाहेर जाण्यासाठी. हे पाणी काही हिशेबी लोक मडक्यात धरून ठेवीत, कारण त्यात चांदी असे. पेटीच्या माथ्यावर पत्र्याची टाकी, तिच्यातून एक चिमटा लावलेली नळी आत आणलेली. एका भिंतीला काचा उभ्या ठेवण्याच्या खाचा, दुसऱ्या भिंतीला बाटल्यांची घरे. प्रत्येक बाटलीची जागा ठरलेली असे, आणि ती हाताला पाठ असणे आवश्यक होते. अंधारात हिराकसाच्या जागी हायपोची बाटली उचलली गेली तर काच तर गेलीच, पण चांदीच्या भांड्यात त्याचा एक थेंब उडाला तर सारा दिवस गेला. पुढची बाजू उघडी, तिच्यावर दोन-तीन पदरी काळ्या कापडाचा झगा शिवलेला. छायाचित्रकार त्यात डोके व धड घालून नाडीने कमरेशी आवळून घेई. किंवा झगा न घेता दोन बाह्यांतून फक्त हात आत जात व डोळे एका लहान भोकातून पाहत. झग्याला बाहेरून पांढऱ्या कापडाचा पदर देणे हिंदुस्थानच्या उन्हात शहाणपणाचे होते. पेटीला घडीचे पाय, किंवा तिवई. सपाट मुलूख असेल तर एक चाक व दोन दांडे लावून तीच पेटी ढकलगाडी होई.

राहिली खिडकी. अंधारपेटीला खिडकी असे, हे ऐकून नवल वाटेल. पण संपूर्ण काळोखात काचेवर द्रव सारखा पसरला की नाही हे कळणार कसे, आणि उमटू लागलेले चित्र नेमके कोणत्या क्षणी थांबवावे हे ठरविणार कसे ? तेव्हा समोरच्या फळीत चार-पाच इंचांची एक नारिंगी किंवा गडद पिवळी काच बसवीत. काच नसेल तर पिवळ्या कापडाचे दोन-तीन पदर. ह्या पिवळ्या उजेडात ओली काच निर्धास्तपणे हाताळता येई, कारण कोलोडियनचा थर निळ्या व जांभळ्या किरणांनाच ओळखतो. पिवळ्या व तांबड्या प्रकाशाला तो आंधळा असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे अजिंठ्याच्या संबंधात तिचा हिशेब चुकता करावा लागणार आहे.

आत उभा असलेल्या माणसाची स्थिती काय होत असेल ? ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळू लागते. आपल्याकडे वैशाखात सावलीतली हवाच त्याच्यावर जाते. बाटली उघडताच वाफ पेटीत भरे, आणि कमरेपर्यंत कापडात आवळलेला माणूस तीच हुंगीत काम करी. गुंगी येणे, उलटी होणे हे नित्याचे. जवळ दिवा वा चिलीम आली तर स्फोटाचे भय वेगळेच. कोलोडियन ओततानाच त्याच्या कडा वाळू लागत. उष्णतेने चित्र क्षणात उमटे आणि त्याच क्षणी सारी काच काळवंडे. ते आवरण्यासाठी हिराकसाच्या पाण्यात ॲसेटिक आम्लाचे प्रमाण वाढवावे लागे. धुळीचा एक कण चिकट थरावर बसला की आकाशात ठिपका पडलाच. म्हणून जाणते लोक दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आणि तेही सकाळच्या प्रहरी काम उरकीत. जुन्या चित्रांतील लांब सावल्या व निष्पर्ण झाडे पाहून त्या काळी दख्खन सदैव उजाड असे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पाण्याचा प्रश्न ह्याहून बिकट. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त. त्यात मिठाचा अंश असला की चांदीचे पाणी तत्काळ दह्यासारखे फुटते. चांदीच्या भांड्यासाठी पावसाचे धरून ठेवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी लागे; धुण्यासाठी मात्र मिळेल ते. एका काचेमागे दोन-तीन शेर पाणी सहज खर्ची पडे. म्हणजे पेटीच्या पाठोपाठ भिस्त्याची पखाल किंवा कावड आलीच. छायाचित्राचे स्थळ ठरविताना दृश्याची शोभा जितकी पाहिली जाई तितकेच पाणी किती अंतरावर आहे हेही पाहिले जाई, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी वाघोरा नदी आहे, ही त्या स्थळाची मोठी सोय होती.

पेटी ही अशी एकट्याची वस्तू नव्हती. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये गेलेल्या रॉजर फेंटनने एका मद्यविक्रेत्याची घोडागाडीच अंधारखोली म्हणून सजविली होती. तिच्याबरोबर ३६ पेटारे आणि ७०० काचा होत्या. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात शिरला तेव्हा त्याच्याजवळ छत्रीसारखा उघडमीट होणारा दहा फूट उंचीचा तंबू, मोठ्या आकाराच्या अडीचशे व लहान आकाराच्या चारशे काचा आणि रसायनांचे दोन पेटारे होते, आणि हे वाहण्यास सुमारे तीस हमाल होते. दोन मिलिमीटर जाडीची, बारा इंच बाय दहा इंच आकाराची एक काच सुमारे चारशे ग्रॅम भरते; अडीचशे काचा म्हणजे नुसत्या काचेचाच एक क्विंटल. १८६६ मध्ये बोर्नने १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत चित्रे घेतली. त्याचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले. काचा ज्यांच्या पाठीवर चढल्या त्यांची नावे नाहीत. मैदानी मुलखात हेच ओझे भोयांच्या खांद्यावर किंवा छकड्यात असे, आणि छकड्याच्या हिसक्याने काचा फुटत म्हणून नाजूक सामान माणसांनीच न्यावे लागे. जुन्या चित्रांत लेण्याच्या दाराशी किंवा पडक्या भिंतीच्या कडेला एखादा माणूस निश्चल उभा दिसतो. उंचीचे मान कळावे म्हणून उभा केलेला तो इसम पुष्कळदा ह्याच तांड्यातला असला पाहिजे. छायाचित्राखाली त्याच्याविषयी अक्षर नसते.

ह्या दगदगीमुळेच दख्खनमधील पहिली महत्त्वाची चित्रे काचेवर नव्हे, तर कागदावर घेतली गेली. मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याची छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली व त्याने विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारती टिपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला सैन्यात परत जावे लागले आणि ते काम डॉ. विल्यम पिगू याच्याकडे आले. कागदी पद्धतीत कागद आगाऊ तयार करून ठेवता येतो व सायंकाळी मुक्कामावर उमटविता येतो. पेटीची गरज नाही. त्याबदल्यात कागदाच्या तंतूंमुळे चित्राची रेषा जराशी विरते. काच म्हणजे सुईच्या टोकासारखी रेषा, पण पाठीवर अंधार. कागद म्हणजे मऊ रेषा, पण पाय मोकळे. बिग्ज-पिगू यांच्या चित्रांचे ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला निघाले. विजापूरच्या ग्रंथात ऐतिहासिक विवेचन कर्नल मेडोज टेलर याचे, म्हणजे ज्याचे अर्धे आयुष्य निझामाच्या चाकरीत व सुरापूरच्या कारभारात गेले त्याचे, आणि वास्तुविषयक भाग जेम्स फर्ग्युसनचा होता. नळदुर्गाचा अनुभव असलेला टेलर आपल्या लोकांना अधिक परिचित आहे. छायाचित्रणाच्या इतिहासातले त्याचे हे स्थान मात्र सहसा सांगितले जात नाही.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण मंडळ स्थापन झाले. त्याच्या प्रारंभकाळातील सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः चांगले छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातून तयार होऊन पुढे मुंबईत धंद्याला लागले. गोऱ्या अंमलदारांची ही हौस होती व एतद्देशीय लोक फक्त ओझी वाहत होते, हे चित्र म्हणून अपुरे आहे. डॉक्टरकी शिकलेल्या माणसाला ईथर व चांदीचा क्षार परके नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पिढीला ही कला हाताशी आली ती औषधशाळेच्या वाटेने. खेद एवढाच वाटतो की, ह्या मंडळींनी मराठीत आपल्या ह्या विद्येचे शास्त्र लिहून ठेवले असते तर आज कोलोडियनला व त्या पेटीच्या अवयवांना आपल्याजवळ प्रतिशब्द असते. जी विद्या हातात आली ती लेखणीत उतरली नाही.

आता अजिंठा. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमला गेला आणि अजिंठा गावच्या बारादरीत त्याने आयुष्याचा मोठा भाग घालविला. त्याने रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादाला लागलेल्या आगीत जळाल्या. ही हानी प्रसिद्धच आहे. परंतु गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या ७४ छायाचित्रांसह फर्ग्युसनचा लेण्यांवरील ग्रंथ १८६४ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी शंभर द्विनेत्री चित्रांचा दुसरा संग्रह. अजिंठा-वेरूळप्रमाणेच लोणारच्या देवळांची चित्रेही त्याने घेतली आहेत. १८७९ मध्ये तो मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे.

येथे साहजिकच शंका येते. ज्या माणसाने वीस-वीस फुटी कॅनव्हासवर महिनोन्‌महिने एकेका भित्तिचित्राची नक्कल केली, आणि ज्याच्या हाती कॅमेराही होता, त्याने त्या भित्तिचित्रांचीच छायाचित्रे घेऊन का ठेवली नाहीत ? ठेवली असती तर आगीतले नुकसान निम्मे भरून निघाले असते. ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कर्तृत्वात नसून कोलोडियनच्या स्वभावात आहे. लेण्यांच्या आतल्या भिंतींवर उजेड अगदी मंद. उघड्यावर काही सेकंदांत होणारे चित्र तेथे अनेक मिनिटे मागते, आणि तेवढ्यात ओला थर कडांकडून वाळू लागतो. आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने ऊन आत परतविले तरी तिरप्या झोतात भिंतीवरचे रोगण चकाकते. पण ह्यावरही मात करता आली असती. खरी अडचण रंगांची होती. अजिंठ्याची रंगपेटी मुख्यतः काव, गेरू, पिवळी माती, हिरवी माती व काजळ यांची; त्यात निळा फक्त क्वचित, वैदूर्याचा. कोलोडियनला काव व गेरू म्हणजे काळोख. ज्या गुणामुळे पेटीला पिवळी खिडकी ठेवता आली, त्याच गुणामुळे पद्मपाणीच्या अंगकांतीतला सारा फरक एका काळ्या डागात बुडून जाई, आणि जेथे निळा भरला आहे तेथे मात्र कोरा पांढरा दिसे. फर्ग्युसनच्या ग्रंथातील चित्रे खांब, कमानी, मूर्ती व दर्शनी भाग यांची आहेत ती यामुळेच. दगडाला रंग नाही, सावली आहे, आणि सावली कोलोडियनला उत्तम कळते. अजिंठा म्हणजे शिल्पवास्तू, चित्रे त्यामानाने गौण, अशी समजूत दूरच्या वाचकांत काही काळ पसरली असेल, तर तिचा थोडा दोष ह्या काचेकडे जातो असे मला वाटते.

म्हणूनच गिलच्या प्रतिकृती जळाल्यानंतरही सरकारला पुन्हा चित्रकारांकडेच वळावे लागले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत पेस्तनजी बोमनजी आदी शिष्यांसह नव्याने नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ च्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या. उरलेल्यांवरून व नोंदींवरून त्यांचा द्विखंड ग्रंथ १८९६ मध्ये बाहेर पडला. त्याआधी १८६३ मध्ये भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. छायाचित्रण मंडळाचा सभासद अजिंठ्याला गेला, आणि तेथून आणली ती अक्षरे.

रंगांधळेपणाचा हा मुद्दा केवळ लेण्यांपुरता नाही. त्या काळच्या माणसांच्या चित्रांतही तो तितकाच लागू आहे. तांबडे पागोटे काळे दिसते. भगवा झेंडा काळा दिसतो. कपाळावरचे कुंकू काळा टिळा होते. निळे लुगडे पांढुरके होते. आकाश नेहमी कोरे, मेघ नाहीतच. चित्रावरून वस्त्राचा रंग, त्या रंगावरून पंथ किंवा वैधव्य, असे अनुमान करणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात. चित्र १८८० च्या आधीचे असेल तर असल्या अनुमानाला आधार नाही. शाळेत मुलांना हे दाखविण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. गडद निळ्या काचेतून हळदीकुंकवाचे ताट पाहावयास सांगितले म्हणजे पुरे.

ह्या पेटीने नेहमी हारच खाल्ली असे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, पूर्वी निझामाच्या मुलखात असलेल्या गुंटूरला, मेजर टेनंटच्या तुकडीने दुर्बिणीतून ओल्या काचांवर ग्रहणाची चित्रे घेतली. खग्रास अवस्था सहा मिनिटांहूनही थोडी कमी. तेवढ्यात काचा तयार करून, एकामागून एक लावून, ओल्या असतानाच उमटविणे म्हणजे कवायतीची कमाल होती.

हैदराबादचे नाव छायाचित्रणात अजरामर झाले ते राजा दीनदयाळ यांच्यामुळे. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात आरेखक झाले आणि १८७४ मध्ये त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या साली ओली काच हीच रूढ पद्धती होती. डॉ. मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनचा थर सुचविला होता. पण भरवशाच्या कोरड्या काचा बाजारात आल्या त्या १८७८-८० च्या सुमारास. म्हणजे दीनदयाळांची उमेदवारी पेटीच्या अंधारात गेली आणि कीर्तीची वर्षे तिच्याबाहेर. महबूब अली खान, सहावे निझाम, यांच्या आश्रयाने ते दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला त्यांची चित्रशाळा उभी राहिली, १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा निघाली, आणि १८९४ मध्ये निझामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १८९२ च्या त्यांच्या संग्रहात निझामाच्या राज्यातील स्थळे आहेत, औरंगाबाद-दौलताबादकडचीही. सिकंदराबादला रेल्वे १८७४ मध्येच आली होती. कोरड्या काचांचे खोके गाडीत टाकावे, महिनाभर फिरावे आणि परत येऊन निवांतपणे उमटवावे, हे त्यांना शक्य होते. वीस वर्षांपूर्वी ते कोणालाच नव्हते. त्यांच्या चित्रांतील शिकारी, मेजवान्या, कवायती, हलत्या गर्दीची दृश्ये ही ह्या मोकळ्या झालेल्या पायांची आणि जलद झालेल्या काचेची फळे आहेत. १९०५ मध्ये ते मुंबईला निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या.

कोरडी काच आली आणि पेट्या निरुपयोगी झाल्या. सागवानी, पितळेने मढविलेल्या अशा वस्तू लोक टाकून देत नाहीत. त्यांत कपडे ठेवतात, कागद ठेवतात. जुन्या बाजारात एखाद्या पेटीच्या तळाला निष्कारण दिसणारी लांबट खाच असेल, एका फळीत चौकोनी भोक बुजविलेले असेल आणि आतल्या लाकडावर न जाणारे तपकिरी-काळे डाग असतील, तर ते डाग चांदीचे समजावेत.

अजिंठ्याच्या भिंतींना मात्र आणखी वाट पाहावी लागली. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनज्ञाने थरात विशिष्ट रंग मिसळला तर तो हिरवा-पिवळा प्रकाशही ओळखू लागतो हे दाखविले. तांबडा ओळखणाऱ्या काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. निझामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले व गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० ते १९२२ मध्ये चेकोनी व ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांना बोलावून भित्तिचित्रांची डागडुजी करण्यात आली. त्यानंतर ई. एल. व्हॅसी याने लेण्यांत रंगीत छायाचित्रे घेतली, आणि त्यांच्या आधारे याझदानींच्या ‘अजंता’ ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा १९३३ मध्ये, तिसरा १९४६ मध्ये निघाला. चौथा व शेवटचा भाग १९५५ मध्ये निघाला तेव्हा तो ज्या राज्याने काढावयास घेतला होता ते राज्य भारतात विलीन होऊन सात वर्षे झाली होती; पण त्यात कावेचा रंग कावेसारखा होता.